सुरतेची वाट, कतारचा कागद

अमळनेरहून सुरतेला जाताना कुणी कधी कागदपत्रं गोळा केली असतील असं मला वाटत नाही. भुसावळ-सुरत लाइनवरची गाडी धरायची, उधन्याला उतरायचं आणि गावाकडच्या कुणाचं तरी नाव विचारत लिंबायतमधल्या एखाद्या खोलीत वळकटी टाकायची. आठवडाभरात लूमवर नाहीतर कापड मार्केटात काम लागायचं. आमच्या गल्लीतली कितीतरी घरं अशीच तिकडची झाली. लिंबायतच्या भाजीबाजारात आजही अहिराणी कानावर पडते. ज्यानं नेलं त्यानंच खोली बघून दिली, मालकाशी गाठ घालून दिली, आणि पहिल्या पावसाळ्यात ताप भरला तेव्हा त्याच्याच बायकोनं मऊ भात करून घातला. सगळी व्यवस्था ओळखीवर उभी होती आणि ती चालली. खान्देशातल्या माणसाला ओळखीवर भरवसा टाकायची सवय आहे, ती भोळेपणानं नाही, अनुभवानं लागली आहे.

अडचण एवढीच, की सुरत आपल्याच देशात आहे. तिथं मालकाची मान हलली की काम मिळालं. कतारला, जर्मनीला, कॅनडाला जायचं तर मालकाच्या मान हलवण्यानं भागत नाही, आणि नेणाऱ्याच्या तर नाहीच नाही. पण रीत मात्र आम्ही जुनीच ठेवली. कुणाचा तरी मेहुणा दोह्यात आहे, त्याच्या ओळखीचा एकजण स्टँडजवळ बसतो, तो 'सगळं करून देतो'.

मी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्यामुळे तालुक्यातले असे कागद फिरत फिरत माझ्या दारात येतात. ऑफर लेटर, व्हिसाची झेरॉक्स, कराराची चार पानं. हल्ली बहुतेक व्हॉट्सअॅपवरचे फोटोच, तेही तिरके. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तिचीच पुढे विप्रो झाली, त्या गावात परदेशाचं अप्रूप असायला नको खरं तर. पण कंपनी जगभर गेली तरी इंग्रजी करार वाचून घ्यायला माणसं अजून शेजारच्या मॅडमकडेच येतात. त्यांना माझ्याकडून हवं असतं भाषांतर. पगार किती लिहिला, सुट्टी किती, जेवण कंपनीचं का आपलं. मी ते सांगते. पण कागदावर काय लिहिलंय हे कळणं वेगळं आणि तो कागद खरा आहे का हे कळणं वेगळं. दुसऱ्या प्रश्नासाठी माझ्यासारखीची गरजच नसते. त्यासाठी जागा ठरलेल्या आहेत. त्यांच्यापर्यंत जायचं कुणाला सुचत नाही, इतकंच.

मारवडकडचे एक काका आले होते. मुलगा आयटीआयचा वेल्डर, जळगावच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामाला. दहावीत गणित राहिलेलं. काकांनी फोन माझ्यापुढे धरला. "मना पोऱ्या कतारले जाई राहिना. कागदवर काय लिखेल शे, तेवढं सांगा." कागदावर कंपनीचं ठसठशीत चिन्ह होतं, वेल्डरचा पगार रियालमध्ये होता, आणि 'एम्प्लॉयमेंट' हा शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिला होता. एजंटानं एक लाख साठ हजार सांगितले होते. थोडे आधी, बाकीचे तिकीट हातात आल्यावर. व्हिसा व्हिजिटचा. "तिथं गेल्यावर बदलून देतात," असं एजंटाचं म्हणणं.

मी त्यांना मधेच विचारलं, "काका, ते बांधालगतचं रान घेत होतात ना तुम्ही, त्याचं काय झालं?"

काका खुलले. नाही घेतलं म्हणाले. सातबाऱ्यावर आणखी एका हिश्शेदाराचं नाव निघालं, सोसायटीचा बोजा होता, फेरफार अडकलेला. विकणारा नात्यातलाच, पण काकांनी वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढला, तलाठ्याकडे दोन हेलपाटे घातले आणि मग नको म्हणून कळवलं. नात्यातल्या माणसाच्या शब्दावर एक गुंठाही न घेणारा हा गृहस्थ स्टँडवरच्या माणसाला टोकन देऊन बसला होता. मी ते बोलून दाखवलं. ते रागावले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, "जमीनना कागद तलाठीकडे ऱ्हास. परदेशना तलाठी कथा बसस?"

परदेशाचा तलाठी कुठे बसतो? इतका नेमका प्रश्न मला आजवर कॉलेजातल्या पोरांनी विचारलेला नाही. सगळं अडतं ते इथंच. परदेशाचा तलाठी एक नसतो. तिथं येऊ द्यायचं का, हे तो देश ठरवतो. इथून कुणी कुणाला कसं पाठवायचं, हे भारत सरकार ठरवतं. तुमचं शिक्षण तिकडे धरायचं का, हे तिसरंच कुणी ठरवतं. एजंट यातलं काहीच ठरवत नाही. पण तिन्हींच्या वतीनं बोलतो तोच, म्हणून लोकांना वाटतं ठरवणाराही तोच.

काकांच्या मुलाच्या बाबतीत पहिला दरवाजा भारत सरकारचा होता. १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे. त्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचे 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' म्हणून अधिकारी असतात, त्यांचं एक कार्यालय मुंबईत आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', असं येतं, आणि असा माणूस आखाती देश, मलेशिया, जॉर्डन, इराक वगैरे १८ देशांत कामाला निघाला तर त्याला या कार्यालयाची मंजुरी लागते. मंजुरीचं काम ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर चालतं. परदेशातला मालक तिथं नोंदलेला, करार तिथं चढवलेला, आणि माणसं नेणारा एजंट परवानाधारक. सर्वसाधारण परवाना मिळवायला एजंटाला ५० लाखांची बँक गॅरंटी ठेवावी लागते. म्हणजे स्टँडजवळ टेबल टाकून बसण्याइतकं ते सोपं नाही. आणि कामगाराकडून त्याला घेता येतात जास्तीत जास्त ३०,००० रुपये, वर जीएसटी. हिशेबानं ३५,४००, आणि तेही पावती देऊन. एक लाख साठ हजार कुठून आले, हे मी काकांना विचारलं नाही. त्यांनीच बोटांवर हिशेब केला.

आम्ही तिथंच ओसरीवर बसून फोनवर पोर्टल उघडलं. परवानाधारक एजंटांची यादी तिथं कुणालाही बघता येते, लॉगिन लागत नाही. परवाना नसताना धंदा करणाऱ्यांची, तक्रारी आलेल्यांची यादीही असते. स्टँडवरच्या माणसाचं नाव परवान्याच्या यादीत नव्हतं. त्याचं म्हणणं, मी मुंबईच्या लायसनवाल्याचाच माणूस. ठीक आहे, मग त्या मुंबईवाल्याचा पोर्टलवरचा नंबर लावला. व्हिजिटिंग कार्डावरचा नाही, पोर्टलवरचा. हा फरक बारीक वाटतो, पण कार्डावरचा नंबर लावला तर फोन उचलणारा बहुधा कार्ड छापणाऱ्याच्याच घरातला असतो. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, कतारसाठी वेल्डरची मागणी सध्या आमच्याकडे नाही. संपलं. ना भांडण, ना चौकशी समिती.

व्हिजिट व्हिसाचं कारण काकांना यानंतर कळलं. कामाच्या व्हिसावर पाठवायचं तर पोर्टलवर यावं लागतं, परवाना दाखवावा लागतो, करार दाखवावा लागतो. व्हिजिटवर पाठवला की यातलं काहीच नको. म्हणजे तो मुलगा सरकारच्या लेखी कामाला गेलेलाच नाही, फिरायला गेलाय. पगार बुडाला तर दाखवायला करार नाही. प्रवासी भारतीय विमाही नाही. हा विमा मंजुरी घेऊन जाणाऱ्यांना काढावाच लागतो. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. एजंटाच्या 'पॅकेज'मध्ये विमानतळापर्यंतची गाडी होती, डाळ-बट्टीचं जेवण होतं, पण हे २७५ रुपये नव्हते.

विनापरवाना माणसं पाठवणाऱ्याला शिक्षा काय, हेही काकांनी विचारलं. कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड लिहिला आहे. दोन हजार. १९८३ साली तो भारी दंड असेल. आज तेवढा तर त्या टेबलाच्या भाड्यात निघून जात असेल.

आता जर्मनीचं. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, दहा हजार माणसांची बातमी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला २०,००० ऐवजी ९०,००० व्हिसा देऊ असं जाहीर केलं. लगेच इकडे 'जर्मन भाषा, नोकरी, पीआर' (म्हणजे कायम राहायची परवानगी) असे फ्लेक्स झळकले. घोषणा म्हणजे नोकरी नाही आणि नोकरी म्हणजे व्हिसा नाही, हे फ्लेक्सवर लिहायला जागा नसते.

पारोळ्याची एक मुलगी, नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा झालेली, धुळ्यात दवाखान्यात नोकरी करणारी. तिला कुणीतरी चार लाखांचं पॅकेज सांगितलं होतं: सहा महिन्यांत जर्मनी, भाषा तिकडे गेल्यावर आपोआप येते. ती माझ्याकडे भाषांतराला नाही, हिशेबाला आली. कर्ज काढावं का, हा तिचा प्रश्न. आम्ही जर्मन सरकारचं 'मेक इट इन जर्मनी' हे संकेतस्थळ उघडलं. इंग्रजीत आहे, इंग्रजी सोपं आहे. तिथं पहिल्यांदा विचारतात, तुमचा व्यवसाय नियंत्रित आहे का? नर्सचा आहे. म्हणजे शिक्षणाची मान्यता घेतल्याशिवाय तिथं नर्स म्हणून काम करता येत नाही, आणि मान्यतेसाठी साधारण बी-टू, म्हणजे सहा पायऱ्यांतल्या चौथ्या, पातळीची जर्मन लागते. पात्रतेत काही कमी पडलं तर काय भरून काढायचं, तेही तिथला मान्यता देणारा विभाग लेखी कळवतो. मग व्हिसा. त्याची फी ७५ युरो.

तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं. भाषा, परीक्षा, कागदांची भाषांतरं, मान्यतेचा अर्ज, नोकरी, व्हिसा. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, यात चार लाख कुठे बसतात?" बसत नव्हते. काही खर्च खरे होते. भाषेच्या क्लासला पैसे लागतात, मॅक्सम्युलर भवनच्या परीक्षेला पुण्याला नाहीतर मुंबईला जावं लागतं, अधिकृत भाषांतराला पानागणिक पैसे पडतात. पण तिच्या वहीतली सगळ्यात मोठी किंमत रुपयांत नव्हतीच. ड्युटी करून बी-टूपर्यंत जायला लागणारी दीड-दोन वर्षं. नेमकी तीच गोष्ट पॅकेजवाल्यानं 'आपोआप' या शब्दात गुंडाळली होती.

सरकारी पानांची एक तऱ्हा आहे. ती कुठल्याही देशाची असोत, ती कोरडी असतात. 'अर्ज नाकारला जाऊ शकतो', 'अतिरिक्त कागदपत्रं मागवली जाऊ शकतात', 'शुल्क परत मिळणार नाही'. वाचताना जीव दडपतो. त्याउलट एजंट गोड बोलतो, घरी येतो, आईला काकू म्हणतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'होऊन जाईल' असतं. माणसाला धीर हवा असतो, त्यामुळे ती पानं कुणाला आवडत नाहीत. मला आवडतात, ती याच कारणासाठी. तुम्ही गेलात काय आणि राहिलात काय, त्या पानाला कमिशन मिळत नाही. कशामुळे अडेल हे ते आधीच सांगून टाकतं, आणि जो धंदा तुमच्या जाण्यावर चालतो तो हे कधीच आधी सांगत नाही.

शिवाय ती पानं बदलतात, आणि बदलली की फॉरवर्ड होणारी पीडीएफ जुनी होते. माझा भाचा मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात असतो. त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर युरोपियन ब्लू कार्डाला, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्याला, लागणाऱ्या पगाराचा जुना आकडा फिरत होता. जर्मनीत तो आकडा दर वर्षी बदलतो. २०२५ साली सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती. ऑफर त्याहून खाली असेल तर 'आपल्या ओळखीचा एकजण असाच गेला' याला काही अर्थ उरत नाही, तो गेला तेव्हाचा आकडा वेगळा होता. इंग्लंडचं तर आणखी ठळक. वृद्धांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करसाठी परदेशातून नव्यानं अर्ज घेणं त्यांनी २२ जुलै २०२५ पासून बंद केलं. त्यानंतरही 'यूके केअर व्हिसा' असा स्टेटस ठेवणारे लोक मी पाहिले. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर नियमही आहे आणि परदेशी कामगार आणायला परवानगी असलेल्या मालकांची यादीही आहे. आपल्या ऑफरवरचं नाव त्यात शोधायला पाच मिनिटं लागतात. कॅनडात पैसे घेऊन सल्ला कुणी द्यायचा, तेही ठरलेलं आहे: वकील किंवा तिथल्या संस्थेकडे नोंदलेले सल्लागार.

स्टँडजवळचा तो गृहस्थ, बरं का, एकदा माझ्याकडेच आला. मुलीला कॅनडाला शिकायला पाठवायचं होतं. म्हणाला, "ताई, तुम्ही जरा सरकारी साइटवर बघून सांगा. सल्लागार लोकांचं काय खरं नसतं." मी बघून दिलं. चहाही दिला.

ज्यांची काळजी वाटते ती आणखी वेगळी मुलं. माझ्याच वर्गातली. बीसीए, बीकॉम झालेली, इंग्रजी बरं, टायपिंग चांगलं. त्यांना ना वेल्डिंग येतं ना जर्मन. त्यांच्या फोनवर जाहिरात येते: थायलंड, डेटा एन्ट्री, पगार डॉलरमध्ये, तिकीट कंपनीचं. २०२२ साली परराष्ट्र मंत्रालयानं अशा नोकऱ्यांबद्दल इशारा दिला होता. बँकॉकला उतरवून मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीला नेलं जायचं, आणि कोंडून घालून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली जायची. सरकारनं तिथून पुष्कळ भारतीय सोडवून आणले. मी हा इशारा वर्गात वाचून दाखवते. पोरं ऐकतात, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "पण मॅडम, तिकीट ते देत असतील तर आपलं काय जातंय?" तिकीट कंपनी देते, हीच त्यांना खरेपणाची खूण वाटते. काकांकडून पैसे मागितले म्हणून निदान शंका घ्यायला जागा होती. इथं कुणी काही मागतच नाही. अशा वेळी एकच गोष्ट विचारायला सांगते. व्हिसावर काम करायची परवानगी लिहिली आहे का? पर्यटनाच्या किंवा विमानतळावर मिळणाऱ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही.

याचा अर्थ ओळखीला आता किंमत नाही असा नव्हे. सरकारी पान हे सांगत नाही की लेबर कॅम्पमध्ये एका खोलीत किती खाटा आहेत, ओव्हरटाइम खरंच मिळतो का, मेसमध्ये भाकरी मिळते का रोज भातच. ते लिंबायतवाल्यासारखा तिथं राहिलेला माणूसच सांगणार. फक्त तो माणूस आपण शोधलेला हवा. एजंटानं नंबर देऊन 'याच्याशी बोला' म्हटलेला नको. आणि नुसत्या ओळखीनं भागत नाही अशी वेळ आली तर? पारोळ्याच्या मुलीच्या आईनं तेच विचारलं होतं, तिकडे काही झालं तर कुणाला फोन करायचा. दूतावास असतो. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे तक्रारींचं पोर्टल २०१५ पासून आहे. आणि जायच्या आधी शंका विचारायला प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा बिनपैशाचा नंबर आहे. आईनं तो ओट्यावरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवला.

कागदांच्या शिक्क्यांचं एक राहिलं. अपोस्टील, अटेस्टेशन म्हणजे आपले दाखले परदेशात खरे धरले जावेत म्हणून मारून घ्यायचे शिक्के. हे शब्द ऐकले की लोक पाकिटात हात घालतात. काही देशांना अपोस्टील चालतं, काहींना त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो. कुणाला काय लागतं हे आधी बघावं आणि मगच धावपळ करावी. परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टीलची फी कागदामागे ५० रुपये आहे. वर सेवा देणाऱ्या एजन्सीचे थोडे, मुंबईच्या फेऱ्या. 'अर्जंट' म्हणून हजारांत सांगतात त्याचा हिशेब या ५० पासून सुरू करावा.

काकांचा मुलगा अजून जळगावातच आहे. टोकनातले काही पैसे परत आले, काही नाही. तो स्वतः पोर्टल बघायला शिकला आहे आणि सौदीच्या वेल्डरच्या कौशल्य चाचणीची माहिती काढतो आहे. मधे एकदा बाप-लेक दोघं आले. मुलाला दहावीचं गणित पुन्हा द्यायचं होतं. पास झालं की पासपोर्टवरचा ईसीआरचा शेरा जातो, मित्रांसमोर कमीपणा वाटत नाही.

शिक्षिका म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं ते सांगावं लागलं. शेरा गेला की मंजुरीची सक्तीही जाते. दहावी झालेल्यानं आपलं आपण बघावं असं कायदा धरतो; करार कुणी तपासत नाही, विम्याची सक्ती नाही. हवं असेल तर त्यालाही पोर्टलवर आपणहून नोंद करता येते, पण 'नोंद कर' असं कुणी सांगायला येत नाही. ज्या शेऱ्याची लाज वाटते, त्याच्यामुळेच स्टँडवरच्या माणसाला व्हिजिट व्हिसाची पळवाट शोधावी लागली होती.

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग मुलाकडे वळले. "म्हंजे हाऊ नापास ऱ्हायना तेच बरं शे?"

मुलानं फॉर्म भरलाय. गणिताची शिकवणी आमच्या कॉलेजातले सर घेतात, रविवारी सकाळी.